पुढं प्रज्ञा, मागं मी

परीक्षा संपतात आणि शिरूरच्या स्टँडवर पाठीला सॅक लावलेली पोरं दिसायला लागतात. सॅकला बाहेरून बांधलेली पाण्याची बाटली, बाटलीभोवती ओलं फडकं, डोक्यावर नवी टोपी, आणि शेजारी ती टोपी पुन्हा पुन्हा नीट करणारी आई. शिबिराला निघालेली असतात. मी सेकंड शिफ्टसाठी सणसवाडीच्या गाडीची वाट बघत उभा असतो. पोरांचे बूट कोरे असतात, रबराचा वास येणारे. दोन दिवसांत टाचांना फोड येणार हे मला दिसत असतं. जाऊन सांगावंसं वाटतं, जाड मोजे घाला रे. सांगत नाही. गाडी येते, मी खिडकीशी बसतो, आणि पार सणसवाडी येईपर्यंत मनात तेच चालतं: सांगायला हवं होतं का? की फोड आलेलाच बरा?

एवढ्याशा गोष्टीवर माझा अख्खा मे महिना जातो. बायको म्हणते, "उन्हाचं होतं तुम्हाला." मी हो म्हणतो. ऊन म्हटलं की पुढं बोलावं लागत नाही. मला मुळात बोलायचा कंटाळा. पण या वर्षी बोलावं लागलं, आणि एकदा तोंड उघडल्यावर लिहायलाही हरकत नाही असं वाटलं. लिहून गोंधळ मिटेल असं मात्र नाही. तो तसाच आहे.

मी गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. आमच्याकडं फिक्स्चर नावाची एक वस्तू असते. लोखंडी चौकट म्हणा. पत्रा तिच्यात एकाच बाजूनं बसतो, उलटा घालायला गेलात तर जातच नाही. मग ड्रिल मारणारा काल बिहारहून आलेला असो नाहीतर रात्रभर जागलेला असो, भोक पडायचं तिथंच पडतं. माणसाला चूक करायला जागाच ठेवायची नाही, हे आमच्या खात्याचं सगळं शहाणपण. मी त्यात मुरलेला माणूस. नवीन पार्ट आला की साहेब मलाच बोलावतात, कारण कामगार कुठं चुकेल हे मला आधी दिसतं. चांगला गुण आहे. निदान गेटच्या आत तरी.

गेटच्या बाहेर मी काय केलं ते सांगतो.

तेव्हा माझे केस काळे होते आणि मे महिन्यात मी हक्काची रजा काढून एका शिबिराला जायचो. आमच्या ओळखीचे एक गुरुजी ते चालवायचे. शिरूर आणि दौंडच्या गावांतली आठवी-नववीची पोरं-पोरी, एका गावच्या शाळेत मुक्काम, सतरंज्या वर्गात, आंघोळ हापशावर. पत्रकात 'नेतृत्वविकास' असा भारदस्त शब्द असायचा. गुरुजी स्वतः तो कधी उच्चारायचे नाहीत. ते म्हणायचे, "दोन दिस पोरांना त्यांची वाट त्यांना काढू द्या. आपुन मागं. हाताची घडी, तोंडाला कुलूप."

शिबिराचा शेवट पायी मोहिमेनं व्हायचा. शाळेपासून निघायचं, माळ तुडवायचा, उसाच्या पट्ट्यातनं भीमेवर यायचं, नदी पायी ओलांडून पलीकडं दौंड तालुक्यात, राहूच्या अंगाला निघायचं. दोन दिवसांची चाल. रोज एक पोरगा किंवा पोरगी म्होरक्या. चिठ्ठी टाकून नाव काढायचं. त्यानं म्हणायचं तिकडं सगळ्यांनी जायचं, चुकला तर चुकलेल्या वाटेनं. बरोबरचा मोठा माणूस सगळ्यांत शेवटी चालणार आणि जिवावर बेतल्याशिवाय बोलणार नाही. तो शेवटचा माणूस बहुतेक वेळा मी असायचो. बोलत नाही म्हणून मला ते काम दिलं होतं, आणि मला ते फार आवडायचं.

अजून डोळ्यांपुढं येतं ते सगळं मागून दिसलेलं. घामानं पाठीला चिकटलेले शर्ट. जाळलेल्या पाचटातून गेल्यावर काळे पडलेले पायाचे घोटे. माळावरचं वाळलेलं गवत आणि त्यातनं एकदम उसळून पळालेली हरणं, त्यांच्यामागं "आयला! आयला!" करत पाच पावलं पळून थांबलेली पोरं. उसाच्या कडेनं जाताना सगळ्यांनी मोठ्यानं बोलत जायचं, कारण आत बिबट्या असेल तर त्याला कळावं. तिथं कुणी खाली वाकायचं नाही, लेस सुटली तरी. मग बोलायला विषय नसला की पोरं पाढे म्हणायची. सतराचा पाढा बिबट्यासाठी म्हणणारी पोरं मी पाहिली आहेत. कुठं तरी मोटर चालू असायची, पाइपातून पाणी पाटात पडायचं आणि अख्खी रांग न विचारता तिकडं वळायची. त्या पाण्याला लोखंडाचा वास यायचा.

एका वर्षी मोहिमेच्या पहिल्या दिवशी नाव निघालं ओमकारचं. गावच्या पाटलाचा पोरगा, अंगानं दांडगा, आवाज लाऊडस्पीकरसारखा. निघाला झपाझप. तिठ्यावर कुणाला न विचारता डावीकडं वळला. मला दिसलं की चुकला. मी गप्प. दुपारचं ऊन डोक्यावर घेऊन आम्ही माळावर भला मोठा फेरा मारला आणि एका विहिरीपाशी आलो.

"ए ओम्या, ही हीर सकाळी बघितली की रं आपुन!"

"ही दुसरी हाय."

"दुसरी? मंग हिच्यात माझी टोपी कशी तरंगतीय?"

सकाळी त्या पोराची टोपी वाऱ्यानं विहिरीत पडली होती. ती तिथंच होती, गोल गोल फिरत. पोरं आधी हसली, मग चिडली, मग ओमकारला शिव्या घालायला लागली. तो बाभळीमागं जाऊन बसला. रडला असावा. बऱ्याच वेळानं आला, तोंड धुतलं आणि पहिल्यांदा खालच्या आवाजात म्हणाला, "कुणाला आठवतंय का, तिठ्यावर काय काय व्हतं?" तिथून ती पोरं जी चालली, ती मला अजून आठवतात. एकमेकांना विचारत, भांडत, खात्री करत. मुक्कामाला उन्हं कलताना पोचलो. मी मागून मनातल्या मनात हसत होतो. गुरुजींची रीत बरोबर आहे असं वाटत होतं.

पोचल्या पोचल्या दुसऱ्या दिवसाची चिठ्ठी काढली. प्रज्ञा.

प्रज्ञा दौंडची. वडील रेल्वेत, आई अंगणवाडीत. बारीक, चष्मेवाली, हळू बोलणारी. चिठ्ठी वाचल्यावर तिनं चष्मा काढून पुसला, एवढंच. पोरं दुपारचं राहिलेलं जेवायला बसली आणि मी वाढत असताना भाताच्या पंगतीतून एक आवाज आला, "मंग उद्या यांच्या मागं चालायचं व्हय?" कुणी तरी फिस्सकन हसलं. त्या 'यांच्या'त काय होतं ते मला कळलं. आमच्या भागातल्या कुणालाही कळतं. प्रज्ञालाही कळलं असणार, ती खाली बघून जेवत राहिली. मी भात वाढत पुढं सरकलो.

तिथं त्या पोराचा कान धरायला हवा होता. आज हे लिहिताना सरळ दिसतं. तेव्हा माझ्या डोक्यात वेगळंच चाललं. मला वाटलं, उद्या ही पोरगी चुकली तर ओमकारसारखं होणार नाही. ओमकार चुकला तर ओम्या चुकला. ही चुकली तर 'हे लोक' चुकले असं होईल, आणि ते वर्षानुवर्षं पुरेल. हिला चुकून चालणार नाही. आणि चूक होऊ न देणं हे तर माझं रोजचं काम.

रात्रीची भाजी आणतो म्हणून मी शेजारच्या वस्तीवरची मोटारसायकल घेतली आणि उजेड होता तोवर दुसऱ्या दिवसाची वाट फिरून आलो. जिथं जिथं पोरगी चुकीची वळेल असं वाटलं तिथं तिथं बाभळीच्या काट्या ओढून टाकल्या. आमच्याकडं वाटेवर काटी आडवी दिसली की वाट बंद, हे लहान पोरालाही कळतं. ओढ्याजवळ फाटा फुटतो तिथं एक मेंढपाळ बसलेले होते, त्यांना म्हटलं, "मामा, उद्या सकाळच्याला हितंच बसा. पोरं येतील, त्यांना उजवीकडचं सांगा."

"बसतो की. मला कुठं हापिस हाय? पन त्यांनी इचारलंच न्हाई तर?"

"तर तुम्हीच हाक मारा. मी सांगितलंय म्हणून सांगू नका."

"चोरी हाय का काय?" ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले.

मी हसलो नाही. पुढं नदीवर गेलो. पलीकडच्या काठाला एक मासेमार जाळं वाळवत होते. ओरडून त्यांना विचारलं, उतार कुठंय, पायी ओलांडता येईल असं उथळ पाणी. त्यांनी हात केला. उद्या पोरं आली की असाच हात कराल का, असं विचारलं तर म्हणाले, "करतो. पन काल मी हितनं चालत आलो म्हनून सांगतो. वाळूवाल्यांनी आज कुठं खड्डा पाडला आसल, त्ये मला काय ठावं?" म्हणजे माझी चौकटसुद्धा अंदाजपंचेच होती. तरी मी समाधानानं परत आलो. भाजी आणायची विसरलो. गुरुजींनी विचारलं तर मी म्हणालो, मिळाली नाही.

दुसरा दिवस इतका सुरेख गेला, की आजही आठवला की आधी आनंदच होतो. प्रज्ञा पुढं, मी मागं. ती काट्या बघून थांबायची, म्हणायची, "ही बंद आहे, ही सोडा." मेंढपाळ मामांनी हाक मारली तेव्हा तिनं त्यांच्याशी बसून गप्पा मारल्या, मेंढ्यांची नावं विचारली. आदल्या दिवशी टोमणा मारणारी पोरं दुपारपर्यंत तिला "प्रज्ञे, आता कुठं?" असं विचारायला लागली होती. वाटेत एका वस्तीवरच्या आजींनी सगळ्यांना ताक पाजलं. नदीवर आल्यावर ती काठाला उभी राहिली, चष्मा पुसला, पाण्याकडं बराच वेळ बघत राहिली. पलीकडं मासेमारांनी हात केला. तिनं हातात हात गुंफायला लावले आणि रांग पाण्यात घातली. पाणी गुडघ्याच्या वर आलं नाही. पलीकडं गेल्यावर ओमकारनं तिला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी गुरुजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "नदी कशी ओळखलीस गं?"

ती म्हणाली, "पाण्याचा रंग बघितला गुरुजी. जिथं फिकं दिसत होतं तिथं उथळ असणार असं वाटलं."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांत जोरात मीच वाजवल्या असतील.

ती खोटं बोलत नव्हती. इथंच माझं डोकं फिरतं. हात करणारा माणूस तिनं पाहिला होता की नव्हता? पाहून विसरली? की तिला खरंच रंग दिसला आणि हात तिच्या लेखी नव्हताच? मी मागं होतो, मला तिची पाठ दिसत होती. डोळे कुठं बघत होते ते कसं सांगू?

पुढं पोरगी उभी राहिली. कॉलेजात बोलायला लागली, शिक्षिका झाली, राहूच्या बाजूला एका शाळेत लागली. गुरुजी गेल्यावर शिबिर बंद पडलं होतं, ते तिनं पुन्हा सुरू केलं, आता भीमेकाठच्या एका गावी, आम्ही नदी ओलांडली होती त्याच जागेजवळ. दर मे महिन्यात फोन करायची. "दादा, तो दिवस नसता ना, तर मी आजपण खाली बघून जेवत बसले असते." त्या पंगतीचं तिला आठवत होतं तर. असा फोन आला की मला दिवसभर बरं वाटायचं आणि संध्याकाळी कसंतरीच व्हायचं. कंपनीनं एकदा आम्हा सुपरवायझरांना हॉटेलात लीडरशिपच्या ट्रेनिंगला नेलं. थंडगार हॉल, टेबलावर पेपरमिंट, कागदाचा मनोरा करायचा खेळ. ट्रेनरनं विचारलं, "तुम्ही आयुष्यात कुणाला घडवलंय का?" मी हात वर केला आणि लगेच खाली घेतला. शेजारचा म्हणाला, "काय झालं, मच्छर का?"

मी कुणाला घडवलं की बनवलं? तिचं धाडस खरंय, ते शाळेतल्या पोरांना मिळतंय, मग त्याचा पाया माझ्या काट्यांवर असला म्हणून काय बिघडलं? असं मी मला सांगायचो. फिक्स्चरमधून निघालेल्या पार्टला कुणी विचारत नाही, तुझं भोक तू पाडलंस का. पार्ट गाडीत बसतो, गाडी धावते. पण ही पार्ट नव्हती. आणि ओमकारचं काय? तो आता साखर कारखान्याच्या राजकारणात आहे. मागं एका लग्नात भेटला, पोट सुटलेलं, पांढरा शर्ट. म्हणाला, "दादा, मी भर उन्हात चाळीस-पन्नास टाळक्यांना गोल फिरवलेला माणूस हाय. आता मीटिंगीत आधी इचारतो, मंग बोलतो." त्याला काय मिळालं ते त्याला ठाऊक होतं. तिला काय मिळालं नाही ते फक्त मला ठाऊक होतं.

या वर्षीचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो.

"दादा, या वर्षी पोरं एकटी सोडणार आहे. मागं मोठं कुणी नाही."

"कुणीच नाही?"

"कशाला? आपल्या वेळी तुम्ही होतात, पण नसल्यासारखेच की! आम्हीच काढली ना वाट?"

मी ताट बाजूला सारलं. मी म्हटलं, येतो रविवारी.

रविवारी सकाळी शाळेत पोचलो. जुन्या शाळेसारखाच हापसा, भिंतीला नवा रंग. पोरं नदीच्या काठी करंजाच्या सावलीत बसली होती आणि प्रज्ञा त्यांना पाण्याकडं बोट करून सांगत होती. केसांत एखादी पांढरी बट, चष्मा आता जाड. "बघा, तिकडं गडद आहे, तिकडं खोल. इथं फिकं दिसतंय, म्हणजे उथळ. नदी आपल्याशी बोलते, फक्त बघायला शिकायचं."

दोन वेण्या घातलेली एक पोरगी म्हणाली, "ताई, आन् फसलो तर?"

"मी फसले का?" प्रज्ञा म्हणाली. पोरं हसली.

भीमा आता तेव्हाची राहिलेली नाही. वाळू उपसून उपसून तळाला कुठंही खड्डे आहेत, वरून पाणी सपाट दिसतं. बंधाऱ्यातून कधी पाणी सोडतील ते सांगता येत नाही. आणि तिथं पोरांना एक अशी गोष्ट शिकवली जात होती, जी खरी होती की नाही हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. मला तर नाहीच. मी नदी वाचणारा माणूस नाही. मी हात करणारा माणूस बसवणारा माणूस आहे. दुसऱ्या दिवशी ही पोरं त्या रंगावर विश्वास ठेवून एकटी पाण्यात उतरणार होती.

पोरं जेवायला शाळेकडं गेली तेव्हा मी तिला म्हटलं, थांब जरा. आणि सांगितलं. भाषण करता येत नाही, त्यामुळं तुकड्या-तुकड्यांत सांगितलं. आधी तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

"काहीतरीच काय दादा! त्या काट्या?"

"मीच टाकल्या."

"मेंढपाळ मामा? मी त्यांच्याशी एवढ्या गप्पा मारल्या..."

"गप्पा तुझ्या. बसवलं मी."

"आणि नदीवर?"

"पलीकडं जाळं घेऊन एक जण होते. त्यांनी हात केला."

"कुणीच नव्हतं तिथं."

"होते."

तिनं पलीकडच्या काठाकडं बघितलं. मग अचानक म्हणाली, "आणि त्या ताकवाल्या आजी? त्या पण?"

"नाही गं. त्या त्यांच्या त्याच."

ती हसली. हसता हसता थांबली. "ओमकारच्या दिवशी काय काय केलं होतं?"

"काही नाही."

"का?"

याचं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःलाही मोकळेपणी दिलं नव्हतं. म्हटलं, "त्याला चुकणं परवडत होतं असं वाटलं. तुला नाही. पंगतीत ते पोरगं जे बोललं, ते मी ऐकलं होतं. त्याला बोलायला हवं होतं. त्याच्या जातीचाच मी, माझं त्यानं ऐकलं असतं. ते जमलं नाही मला. मग तुझीच वाट सोपी करून टाकली."

"म्हणजे त्याला विश्वासानं चुकू दिलंत," ती सावकाश म्हणाली, "आणि मला दयेनं जिंकवलंत."

दया नव्हती असं म्हणणार होतो. भीती होती, माया होती, लाज होती. पण त्यातलं कुठलं किती, हे मला तरी कुठं ठाऊक होतं?

"दादा, मी आयुष्यात कधी वाट चुकलेच नाही, असं मी पोरांना सांगते," ती म्हणाली. "दरवर्षी सांगते." तिचा आवाज बारीक झाला होता, अगदी नववीतल्यासारखा. "त्यातलं माझं किती होतं हो?"

"मला सांगता येत नाही. खरंच. तू पाण्याकडं बराच वेळ बघत होतीस. तुला काय दिसलं ते तुलाच माहीत."

"हे बरं वाटावं म्हणून म्हणताय?"

मी विचार केला. मला कळेना. "असेल तसंही," मी म्हणालो.

ती उठली आणि शाळेकडं गेली. मला वाटलं, आता शिबिर मोडणार. आता हिच्या आयुष्याचा एक खांब मी काढून घेतला, तोही उशिरा, तोही स्वतःला हलकं वाटावं म्हणून. हलकं काही वाटत नव्हतं. ऊन पाण्यावरून डोळ्यांत जात होतं. समोर कुणाच्या तरी म्हशी डुंबत होत्या, त्यांच्या पाठी तेवढ्या वर. तिथं उथळ म्हणायचं की खोल?

थोड्या वेळानं ती सगळी पोरं घेऊन परत आली. तिच्या शाळेतले एक सर बरोबर होते, हातात दोरखंड आणि ट्रकची फुगवलेली ट्यूब. एका पोराच्या खांद्यावर लांब बांबू. तिनं पोरांना काठावर बसवलं आणि सकाळच्याच सुरात म्हणाली, "सकाळी मी जे सांगितलं, रंगाचं, ते खरं आहे का मला माहीत नाही. तुमच्याएवढी होते तेव्हा मी इथून बिनचूक गेले. पण मला पुढून कुणी तरी वाट दाखवत होतं, ते मला आज कळलं. उद्या तुम्ही एकटे जाणार नाही. आणि आत्ता मी बघते उतार सापडतो का."

कुणी दाखवली, असं एकानं विचारलं. तिनं माझ्याकडं बोट केलं नाही. दोरखंडाचं एक टोक करंजाच्या बुंध्याला बांधलं, दुसरं कमरेला, ट्यूब काखेत घेतली आणि फिक्या पाण्याच्या दिशेनं निघाली. पोरांनी आणि सरांनी मधला दोर धरला. मी धरायला उठलो तर म्हणाली, "दादा, तुम्ही बसा."

मी बसलो. फिक्या पाण्यात बांबू टेकवला तो अर्ध्याहून जास्त आत गेला. पोरं "अबाबा!" करून ओरडली. ती थबकली, थोडी डावीकडं सरकली, पुन्हा बांबू घातला. तिथं लागला तळ. दोन पावलं गेली आणि एकदम छातीपर्यंत आत. पोरांनी दोर असा खेचला की ती ट्यूबसकट आडवी झाली. चष्मा नाकावरून निसटला, तिनं वरच्यावर झेलला.

"ताई, उजवीकडं!"

"न्हाई न्हाई, म्हशींकडनं! म्हशी कशा हुभ्या हायती बघा!"

"आरं त्या पवत्यात!"

ती काठाकडं वळली. निथळत होती. "दादा," तिनं ओरडून विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला माहीत नाही गं," मी ओरडलो. "अजिबात माहीत नाही."

"ऐकलंत?" ती पोरांना म्हणाली आणि म्हशींच्या बाजूला वळली.

तिथंही नव्हता उतार. आणखी वरच्या अंगालाही नव्हता. दुपार कलली तोवर तिनं काठाचा बराच पट्टा धुंडाळला, पोरांनी वाळूत रेघा ओढून कुठं किती खोल ते मांडून ठेवलं, त्यावरून दोन गटांत चांगली जुंपली. प्रत्येक वेळी ती आत गेली की मी अर्धा उठायचो आणि परत बसायचो. बसणं बरोबर होतं का, तेही मला सांगता येणार नाही.

शेवटी ती बाहेर आली, वाळूत बसली आणि ओढणी पिळायला लागली. हाताला खरचटलं होतं. पोरं तिच्याभोवती कोंडाळं करून उभी.

"उद्या बंधाऱ्यावरून जाऊ," ती म्हणाली. "लांब पडेल. पण सगळे बरोबर."

दोन वेण्यांवाली पोरगी जरा हिरमुसली होती. "म्हंजी आपुन हरलो ना ताई?"

प्रज्ञानं चष्मा पुसायला कोरडं काही सापडतंय का बघितलं. काहीच कोरडं नव्हतं. तिनं तो तसाच, थेंबांसकट, डोळ्यांवर चढवला.

"हो," ती म्हणाली. "हरलो. चला, भूक लागलीय मला."